धाकटीची दाढ

थोरली गेली असती तर धाकटीला तीन गोष्टी मिळणार होत्या. रस्त्याकडच्या खिडकीची खोली, दुकानातलं काच कापायचं लांब टेबल आणि घरातला शेवटचा शब्द. पहिल्या दोन गोष्टींसाठी कुणी कुणाच्या जिवावर उठत नाही. तिसरीसाठी माणसं काय काय करतात, हे मी माझ्या सासरी जवळून पाहिलं आहे. म्हणून थोरलीच्या अंगावरचे डाग पहिल्यांदा मोजले, तेव्हा माझा संशय सरळ धाकटीवर गेला.

मी इस्पितळात औषधं देते. तळमजल्यावर, चादरींच्या कोठाराला लागून माझी अरुंद खोली आहे. दोन खुर्च्या, पडद्यामागे एक पलंग, एक वजनकाटा, रक्ताचा थेंब तपासायचं मुठीएवढं यंत्र आणि कुणी कितीही दुरुस्त केलं तरी मागेच पडणारं भिंतीवरचं घड्याळ. दर मंगळवारी सकाळी इथे रक्त पातळ ठेवायची गोळी घेणारे लोक येतात. खरं तर रक्त पातळबितळ काही होत नाही, गोठायला वेळ लावतं एवढंच. हे मी वीस वर्षं समजावते आहे, लोक वीस वर्षं मान डोलावतात आणि दारातून बाहेर पडताना 'पातळ'च म्हणतात. आता मीही म्हणते.

काम सोपं आहे. बोट टोचायचं, यंत्र आकडा दाखवतं. आकडा दोन आणि तीनच्या मध्ये हवा. खाली गेला तर गुठळी होते, फार वर गेला तर रक्त थांबत नाही. आकडा बघून पुढच्या आठवड्याची मात्रा वहीत लिहून द्यायची. लोक मला गोळीवाल्या बाई म्हणतात. म्हणोत बापडे. चादरवाल्या बाई म्हणाले असते तर बोलले असते.

थोरली अडुसष्ट वर्षांची, धाकटी तिच्याहून चार वर्षांनी लहान. दोघींचं चित्रांना चौकटी करायचं दुकान. लग्नं दोघींनीही केली नाहीत; धाकटी म्हणते, "ताईने नाही केलं म्हणून मी नाही केलं," आणि थोरली म्हणते, "हिला कोण सांभाळणार म्हणून मी नाही केलं." दोन वर्षांपूर्वी थोरलीच्या उजव्या पायाची रक्तवाहिनी तुंबली. बोटं काळी पडायच्या आत सर्जननी तिच्याच मांडीतली शीर काढून गुडघ्याखालपर्यंत रक्ताला नवा रस्ता जोडून दिला. त्यात तिच्या हृदयाचे ठोकेही अनियमित. दोन्हीसाठी मिळून ही एक गोळी. आमचे सर्जन बोलतात कमी आणि लिहितात त्याहून कमी, पण थोरलीच्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं होतं: 'आकडा दोनच्या खाली नको. पाय जाईल.'

आकडा कधी खाली गेला नाही. थोरली घड्याळ लावून गोळी घेणाऱ्यांपैकी होती. पण डाग पडायला लागले.

या गोळीवर माणसाला डाग पडतात, त्यात नवल नाही. पिशवीचा बंद रुतला तरी दंड निळा होतो. पण डाग कशाने पडला हे माणूस सांगू शकतो. थोरली सांगू शकत नव्हती. नडगीवर आडवा पट्टा, खांद्याच्या मागे मुठीएवढा, कंबरेवर कोपरा उठल्यासारखा. प्रत्येक वेळी तिचं एकच उत्तर, "लागलं असेल कुठेतरी." आणि बाजूच्या खुर्चीवर बसलेली धाकटी खाली मान घालून स्वतःच्या चपलांकडे बघायची.

मी रीतसर सगळं तपासलं. गोळ्यांची पाकिटं आणायला लावली. एकही जास्त गेलेली नव्हती. गुडघेदुखीची गोळी? नाही. सर्दीचं औषध? नाही. कुणी प्रेमाने दिलेली झाडपाल्याची पावडर? ही पावडर माझी जुनी वैरीण आहे, पण या वेळी तीही निर्दोष निघाली. रक्ताच्या बाकीच्या चाचण्या साफ होत्या. आकडा दोन पूर्णांक चार. इतका शहाणा आकडा की वहीत लिहिताना मला दर वेळी बरं वाटायचं.

मग उरली धाकटी.

आमच्या खोलीत एक सूचना लावायची होती. 'दात काढण्याआधी, इंजेक्शनआधी, कुठल्याही ऑपरेशनआधी या खोलीत येऊन विचारा.' तो कागद घेऊन मी त्यांच्या दुकानात गेले. चौकट हवी होती हे खरं, पण दहा पावलांवर दुसरं दुकान असताना मी तीन थांबे बसने गेले, हेही खरं.

दुकान लांबट होतं. पुढे काचा उभ्या करून ठेवलेल्या, मध्ये लांब टेबल, मागे लाकडाच्या पट्ट्या. लाकडाच्या भुशाचा आणि सरसाचा वास. मला एक गोष्ट लगेच दिसली: टेबलाच्या चारही कोपऱ्यांना जाड लोकर गुंडाळून शिवलेली होती. खुर्च्यांच्या पाठींना, कपाटाच्या कडेला, दाराच्या कडीलासुद्धा.

"मीच शिवलं," धाकटी म्हणाली. "ताईचं रक्त पातळ झाल्यापासून."

"ताई आपटतात फार?"

"ताई कुठली आपटतेय! ती मांजरासारखी चालते. आपटते मी. माझे हातपाय माझ्याआधी पोचतात."

मागून थोरलीचा आवाज आला, "आणि डोकं नंतर."

"बघा, पाहुण्यांसमोर तरी सोडते का!"

बोलता बोलता धाकटीने वरच्या फळीवरून लोखंडी शिकंजा काढायला हात घातला. चौकटीचे कोपरे आवळून धरायचा, टोकाला गोल चकती असलेला. तो निसटला आणि सरळ तिच्या डाव्या हातावर, कोपराच्या जरा खाली आदळला. आवाज मी ऐकला. लाकडावर लाकूड पडावं तसा. ती "आई गं!" म्हणून मटकन स्टुलावर बसली, डोळ्यांत टचकन पाणी आलं.

मी धावत जाऊन तिचा हात पाहिला. कातडी स्वच्छ होती. लालीसुद्धा नाही.

मागे, पट्ट्यांपाशी, थोरली आमच्याकडे पाठ करून माप घेत होती. ती वळली नाही. मापपट्टी खाली ठेवून तिने फक्त आपली डावी बाही मनगटापर्यंत ओढून घेतली.

पुढच्या मंगळवारी मी धाकटीला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि दार लावलं. थोरलीला बाही वर करायला सांगितली. कोपराच्या जरा खाली गोल डाग होता, जांभळा, आणि त्याच्या आत दुसरं बारीक कडं. मी मोजपट्टी लावली. मग शिकंज्याची चकती आठवली आणि मोजपट्टी खाली ठेवली.

"मावशी, खरं सांगा. ती तुम्हाला मारते का?"

थोरली इतकी हसली की तिला ठसका लागला. "ती? तिच्याने डास मरत नाही, बाई. ती मार खाते."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही पाहिलंत तेच." तिने बाही खाली घेतली. "सहा वर्षांची असताना ती भिंतीवरून पडली. गुडघा माझा काळानिळा झाला. आईने मलाच धपाटे घातले, वर खोटं बोलते म्हणून. त्या धपाट्यांचे वळ मात्र माझे मलाच उठले. उलटं कधी झालं नाही."

"आणि दुखायचं कुणाला?"

"तिलाच. दुखणं तिचं, डाग माझा. काप गेला तर रक्तही माझं. वाटणी बरी होती हो, साठ वर्षं चालली. तुमच्या गोळीने जरा महाग पडायला लागली, इतकंच."

मी शिकलेली बाई आहे. एका घरात राहणाऱ्या दोन म्हाताऱ्या, एकच टेबल, एकच फळी, एकच शिकंजा. थोरलीलाही तो कधीतरी लागला असणार. हे मी मनाशी म्हटलं आणि कागदावर डागाची जागा खूण करून कारणाच्या रकान्यात 'माहीत नाही' लिहिलं. 'बहिणीला लागलं' असं लिहायला आमच्या कागदावर जागा नाही.

त्यानंतर दोन महिने सगळं ठीक चाललं. धाकटी जपून वागत होती. इतकी, की रस्ता ओलांडताना ती काचेचं सामान वाहत असल्यासारखी चालायची, आणि ते सामान म्हणजे तीच. आकडा दोन चार, दोन सहा, दोन चार.

मग एका मंगळवारी दोघी आल्या तेव्हा धाकटीचा गाल सुजलेला होता. सूज डाग नसते, ती ज्याची त्याची असावी. थोरली खुर्चीवर ताठ बसली. पर्स मांडीवर, पर्सवर दोन्ही हात. परीक्षेला बसल्यासारखी.

"बाई, तुमच्या पाटीवर लिहिलंय तसं विचारायला आलोय. चौकट आम्हीच केली, तेव्हा वाचली होती. दाढ काढायची आहे."

या प्रश्नाला माझं उत्तर पाठ आहे. वीस वर्षांत ते मी हजार वेळा दिलं असेल: गोळी बंद करायची नाही. एका दाताचं रक्त दाबून धरलं की थांबतं, दंतवैद्य टाका घालतो, बोळा चावून बसायचं. आदल्या दिवशी आकडा बघू. पण गोळी बंद केली तर पायात जे होईल ते दाबून थांबत नाही. मी तोंड उघडलं आणि सवयीने आधी विचारलं, "कुठली दाढ?"

"खालची. उजवी. पण माझी नाही. हिची."

धाकटी गालावर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. दोघी बघत होत्या. त्यांना काय विचारायचं आहे ते मला पुरतं कळलं होतं, हे मी इथे कबूल करते.

"दाढ यांची, तर तुमच्या गोळीचा काय संबंध?" मी म्हटलं. आवाजात जरा हसूही होतं. बाहेर बाकावर अकरा माणसं ताटकळत होती.

थोरलीने पर्सचा बंद सारखा केला. मग "बरं," म्हणाली. माणूस चुकीच्या खिडकीवर आलोय असं कळल्यावर म्हणतो तसं. मी वहीत मात्रा लिहिली, पुढचा मंगळवार लिहिला. गोळी बंद करू नका, हे चार शब्द लिहिले नाहीत. सांगितलेही नाहीत. ते दात काढणाऱ्यांना सांगायचे असतात.

पुढच्या मंगळवारी त्या आल्या त्या अगदी खुशीत. धाकटीची सूज उतरली होती. ती दारातूनच सांगत आली.

"काढली काल! दंतवैद्य म्हणतो, मी अशी कोरडी दाढ पाहिली नाही. खड्डा नुसता पांढरा. दोनदा दिवा लावून बघितलं बिचाऱ्याने."

"आणि तुम्ही?" मी थोरलीला विचारलं. विचारायचं नव्हतं.

थोरलीने रुमाल उघडून दाखवला. दोन फिकट ठिपके. "एवढंच. बाहेर बसून बोळा चावत होते. आम्ही हुशारी केली ना."

"कसली हुशारी?"

"शेजारच्या घड्याळवाल्यांनी त्यांचे दात काढताना पाच दिवस गोळी बंद ठेवली होती. आम्हीही ठेवली."

धाकटी म्हणाली, "ताई ऐकत नव्हती. मीच पाकीट लपवलं. म्हटलं, माझ्या दाढेपायी हिचं रक्त वाहायला नको."

मी बोट टोचलं. थेंब जाड आला. यंत्राने जरा विचार करून आकडा दाखवला.

एक पूर्णांक एक.

धाकटीला बाहेर बसवून मी थोरलीला पडद्यामागच्या पलंगावर झोपवलं आणि सर्जनना बोलावलं. त्यांनी मांडीवर जेल लावून यंत्राची कांडी फिरवली. नव्या रस्त्यावरून रक्त वाहतं तेव्हा त्या यंत्रातून वाऱ्यासारखा आवाज येतो. या वेळी आला नाही. ते मांडीपासून गुडघ्यापर्यंत गेले, परत वर आले. मग दुसरं यंत्र मागवलं. त्यातूनही नाही.

"बंद," ते म्हणाले. "वरपासून खालपर्यंत. बोटं केव्हापासून गार आहेत?"

"गार कुठे?" थोरली म्हणाली. "बरी आहेत की."

सर्जननी पाऊल हातात घेतलं. मग माझ्याकडे बघितलं. मीही हात लावला.

पाऊल उबदार होतं. गुलाबी. नखं दाबून सोडली की क्षणात रंग परत येत होता.

"आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांनी भागवलं असेल," सर्जन म्हणाले. असं होतं कधीकधी. मी मान डोलावली.

पण माझी बोटं अजून पावलावर होती, आणि बोटांखाली ठोका लागत होता.

बारीक वाहिन्यांवर ठोका लागत नाही. मी दुसरा हात थोरलीच्या मनगटावर ठेवला. तिथे तिचे नेहमीचे ठोके. दोन लगोलग, एक गायब, तीन घाईत. अनियमित, जन्मभराची खोड असल्यासारखे.

पावलावर मात्र एकसारखे. एकामागून एक, समान अंतरावर, एकही न चुकता.

 मी दार उघडून बाहेर आले.

धाकटी बाकावर बसली होती. उजवी चप्पल काढून ठेवलेली. दोन्ही हातांनी ती पाऊल चोळत होती.

"अवघडलंय," ती म्हणाली. "सकाळपासून मुंग्या येतायत. ताईला बोलू नका, उगाच जिवाला लावून घेते."

मी खाली बसले. पाऊल पांढरं होतं. ओल्या फरशीला हात लावल्यासारखं वाटलं. मी ठोका शोधला. घोट्याच्या पुढे, मागे, गुडघ्यामागे. पुन्हा घोट्याच्या पुढे.

नव्हता.

"तुम्हाला पायाचा त्रास कधी होता?"

"मला? मला कधी काही होतच नाही." ती हसली आणि मग, पहिल्यांदा, तिने थोरली होती त्या दाराकडे बघितलं आणि हसू तसंच ठेवून पाऊल पदराखाली ओढलं.

सर्जननी त्याच दुपारी तिला आत नेलं. तिच्या वाहिन्या वीस वर्षांच्या मुलीच्या असाव्यात इतक्या साफ निघाल्या. गुठळी नाही, चरबी नाही, अडथळा नाही. रक्त गुडघ्यापर्यंत येताना दिसत होतं, खाली पोचत नव्हतं.

"मग जातं कुठे?" मी विचारलं.

सर्जन बराच वेळ हात धूत राहिले. कागदावर कारण लिहिलं नाही. चौथ्या दिवशी पाय गुडघ्याखालून काढावा लागला. त्या जखमेतून रक्त मात्र रीतसर आलं. तिचं तिचंच. त्या वेळी थोरली बाहेर माझ्याशेजारी बसली होती. तिच्या अंगावर ठिपकासुद्धा उठला नाही. ती सारखी बाही वर करून, पदर सारून स्वतःला तपासत होती, आणि काही सापडत नव्हतं म्हणून रडत होती.

या गोष्टीला सात महिने झाले. थोरली मंगळवारी येते. गोळी पुन्हा सुरू आहे, आकडा दोन पूर्णांक चार. आता ते चार शब्द मी प्रत्येकाला सांगते, दाढ कुणाचीही असो. लोकांना वाटतं बाईंचं वय झालं. थोरली ऐकून घेते. "चुकवत नाही हो आता," म्हणते. "तिच्यासाठीच घेते."

डाग आता पडत नाहीत. धाकटीला लागलं की धाकटीलाच निळं होतं. ती मला ते कौतुकाने दाखवते, नवा दागिना दाखवावा तसं.

सर्जननी लावून दिलेला रस्ता बंदच आहे. दर वेळी थोरली पलंगावर पाय सोडून निवांत बसते आणि मी तिच्या उजव्या पावलावर बोटं ठेवते. गेल्या मंगळवारी धाकटी जरा मागे राहिली होती, कुबड्या घेऊन तिला पायऱ्या चढायला वेळ लागतो. थोरली पलंगावर स्वस्थ बसलेली. मनगटावर तिचे ठोके, संथ, अडखळणारे. पावलावर बहात्तर. मी भिंतीवरच्या मागे पडणाऱ्या घड्याळावर नाही, हातातल्यावर मोजत होते. बहात्तर. मग ऐंशी. थोरलीने हालचाल केली नव्हती. अठ्ठ्याऐंशी. शहाण्णव.

दार ढकलून धाकटी आत आली. धापा टाकत होती. "या पायऱ्या म्हणजे," ती म्हणाली आणि खुर्चीवर बसली.

थोरलीचा पाय वाचला. त्याची किंमत एकरकमी कुणीच भरली नाही. धाकटी अजून भरते आहे, मिनिटाला शहाण्णव, बसली की बहात्तर.